याडीची घुगरी आणि निळ्या गाडीचं चाक

बेलतांडा, ता. दिग्रस, जि. यवतमाळ
गुरुवार, दि. ८ सप्टेंबर २००५

आदरणीय प्रेमसिंगभाऊ यांना, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा फुलचंद राठोड याचा दोन्ही हात जोडून जय सेवालाल.

पत्रास कारण की, तसं कारण काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहायला बसलो. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि तुम्ही नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहता, तर हे जमवता कसं, असा प्रश्न तुमच्या सुखीला रोज पडतो. वहिनींची खोकल्याची ढास कमी झाली का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. पाऊस बरा आहे, पऱ्हाटी कमरेला लागली आहे, तिचं पुढे काय होईल ते कापूस घरात आल्यावर बोलू. बापूंच्या डोळ्याचं ऑपरेशन यवतमाळच्या शिबिरात नीट पार पडलं. सुखी बरी आहे. याडी बरी आहे. गाडी बरी आहे. गाडीला काहीही झालेलं नाही. (पुन्हा लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं मन स्वस्थ राहील: गाडीला काहीही झालेलं नाही.)

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "हं, पुढे?" असं म्हणता आणि मला पुढचं आठवेनासं होतं. खरं तर तुमच्या घरचा जावई मी, तेव्हा दबून राहायचं तर तुम्ही. पण तुम्ही तीस वर्षं शाळा तपासत फिरलात आणि मी तांड्यावरचा ब्रँच पोस्टमास्तर. तुमचा आवाज ऐकला की मला अजून माझा गृहपाठ अपुरा असल्यासारखं वाटतं. कागदावर माणूस मोकळा होतो. कागद मध्येच "पुढे?" म्हणत नाही.

तर गाडी. दोन वर्षांपूर्वी दिग्रसची ती जिनिंग बंद पडली आणि मालकाच्या मुलांनी ही निळी अमेरिकन गाडी विकायला काढली, तेव्हा ती तुम्ही घेतलीत आणि नागपुरात जागा नाही म्हणून आमच्या कापसाच्या खोलीत आणून उभी केलीत. जाताना एवढंच म्हणालात की रंग छप्पन सालचा आहे, कारखान्यातून आला तसाच, त्याला नख लागता कामा नये. भाऊ, मी ते वाक्य अक्षरशः पाळलं. गाडीजवळ जाताना मी अंगठी काढून ठेवतो. कोंबड्यांसाठी दाराला जाळी लावली. मांजर टपावर झोपायचं, त्याला मी दुसऱ्या गावाला नेऊन सोडलं (ते माझ्या आधी घरी आलं, पण मी सोडलं होतं). आणि त्या चाकांवरची ती चकचकीत झाकणं! एकेक परातीएवढं, कडेनं हवेसाठी चिरा पाडलेल्या, आणि आत आपलं तोंड आपल्याहून रुंद आणि सुखी दिसतं. तांड्यावरच्या निम्म्या बाया लग्नाला जाताना त्यात पाहून केस विंचरतात. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलो, आता खोडलं तर वाईट दिसेल.

यंदाचा पोळा तीन तारखेला झाला. आमची जोडी चैत्रात गेली हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. मला वाटलं होतं, गोठा रिकामा आहे तर पोळ्याला नुसती पोळी खाऊ आणि गप्प बसू. याडी ऐकेल तर ना, आई आहे ती माझी. तिचं म्हणणं असं की या घरात सून म्हणून आल्यापासून पोळ्याला पाय धुतल्याशिवाय ती जेवली नाही आणि यंदाही जेवणार नाही. आता चार पायांचं घरात काय उरलं आहे, असा शोध तिनं घेतला आणि तिला चार चाकं सापडली. आदल्या दिवशी मी टपालाच्या थैलीमागे दिग्रसला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर खांदेमळणी उरकलेली. गाडीच्या दोन्ही पुढच्या खांद्यांना तूप आणि हळद लावून, हात जोडून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं तिनं गाडीला रीतसर सांगितलंही होतं. (तूप मी मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसून काढलं. रंगाला तुपानं अपाय होत नाही, उलट चमकतो, असं सुखीचं मत पडलं.)

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत अंगणात आणली आणि ती जेवली. पुढच्या जाळीत दोन पुरणपोळ्या गेल्या, त्या मुंग्यांसकट काढायला मला अर्धा दिवस लागला. तो विषय इथेच सोडतो. खरी गोष्ट पाय धुताना झाली. याडीनं चारही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि पुढच्या डाव्या चाकाला डोकं टेकवलं. डोकं उचललं तेव्हा कानावर केसात लोंबणारी एका बाजूची चांदीची घुगरी नव्हती. केसातून सुटली आणि झाकणाच्या चिरेतून आत गेली. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला. चांदी पत्र्यावर पडते तेव्हा फार गोड वाजते, पण त्या वेळी मला तो आवाज अजिबात आवडला नाही.

घुगरीचं मोल तुम्हाला काय सांगायचं. आपल्यात बाई घुगरी उतरवते ती नवरा गेल्यावरच. आणि तिकडे बापू यवतमाळला डोळ्याला पट्टी बांधून पडलेले. त्यांचा एक डोळा तरुणपणीच कडबा कापताना गेला. उरलेल्या डोळ्यावर सात वर्षं पडदा. सात वर्षं याडी त्यांना रंगावरून आणि आवाजावरून ओळखू येते, चेहरा म्हणून नाही. मंगळवारी पट्टी निघणार आणि ते घरी येणार होते. याडी चाकाजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सात वर्सानं पाह्यतीन मले. एका बाजूनं रांडमुंड दिसू का त्याईले?" मी म्हटलं की पहिला चेहरा तर तिथल्या डॉक्टरांचा दिसणार. त्यावर ती म्हणाली, डॉक्टरांना त्यात मोजत नसतात. तिला दुसरी घुगरी आणून देतो म्हटलं, तर ही तिच्या लग्नात तिच्या आईनं स्वतःच्या केसातून काढून घातलेली. तेव्हा तोही रस्ता बंद. आणि ती जेवेना.

भाऊ, एका बाजूला माझी याडी आणि दुसऱ्या बाजूला तुमचा छप्पन सालचा रंग. रविवारभर मी काय नाही केलं? तारेचा आकडा केला, तो चिरेतून जातो पण वळत नाही. लोहचुंबक आणलं, मग आठवलं की चांदीला ते ओळखत नाही. काडीला डिंक लावून आत घातली, ती आतच राहिली. तांड्यावरची प्रत्येक असामी येऊन पाहून गेली आणि प्रत्येकाकडे पहार होती. कुणी म्हणे छन्नी लावा, कुणी म्हणे नांगराचा फाळ लावा, एक फटका हाणला की टोपी उडते. मी स्वतः एकदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. झाकणाच्या कडेपाशी नेला मात्र, मला त्या चकचकीत पत्र्यात तुमचा चेहरा दिसला. (तो माझाच होता, पण रुंद झाल्यामुळे तुमच्यासारखा वाटला.) स्क्रूड्रायव्हर मी परत डब्यात ठेवला आणि वर दोन गोण्या ठेवल्या.

सोमवारी सकाळच्या काळीपिवळीनं दिग्रस गाठलं आणि अन्सारभाईंकडे गेलो. हे अन्सारभाई त्याच बंद पडलेल्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. आता बसस्टँडमागे टपरीत फवारणीचे पंप आणि स्टोव्ह दुरुस्त करतात, आणि लोक त्यांना फिटर म्हणत नाहीत, पंपवाले म्हणतात. गाडीचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. म्हणाले, आता नजर कमी झाली आहे, असल्या नाजूक कामाला हात घालत नाही. एक ओरखडा पडला तर तीस वर्षांचं नाव जाईल, आणि आता नावाशिवाय दुसरं काही शिल्लक नाही. मी रंगाचं सांगत होतो, तुमचं सांगत होतो, तुम्ही किती कडक ते सांगत होतो. ते पंप धूत होते. मग मी याडीचं सांगितलं. त्यांनी पंप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हातारी परवापासून जेवली नाही का?" पुढच्या जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते.

आता जे लिहितो ते सावकाश वाचा, कारण असं काम मी जन्मात पाहिलं नाही आणि ते तुमच्याच गाडीवर झालं. मला वाटलं होतं, पिशवीतून हत्यारं निघतील. निघालं काय, तर एक सागाची पातळ पट्टी, कागदी चिकटपट्टी आणि तळहाताएवढा चामड्याचा तुकडा. जिनिंगच्या मशिनमध्ये सरकीपासून रुई ओढून काढणारा रूळ असतो, त्यावरचं ते चामडं. सरकी फुटू न देता रुई सोडवायची हे त्याचं काम; वर्षानुवर्षं कापसावर घासून ते लहान मुलाच्या गालासारखं झालं होतं. अन्सारभाई म्हणाले, "लोखंडाले लोखंड लावलं का रंग गेलाच समजा. मधात काही नरम पाह्यजे."

आणि पहिला तासभर त्यांनी ते चामडं हातातही घेतलं नाही. आधी चाक धुतलं. साबणाच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं, मग चिरेचिरेतून फडकं फिरवून. मी म्हटलं, अहो, झाकण काढायचं आहे, आंघोळ कशाला? तर म्हणाले, ओरखडे पाडते ती धूळ. स्क्रूड्रायव्हर बिचारा उगाच बदनाम आहे. एक कण पट्टीखाली राहिला की तोच करवत होतो. मग झाकणाच्या बाहेरून दिसणाऱ्या रंगाच्या कडेवर त्यांनी चिकटपट्टी लावली, गोल, एक सुरकुती न पडू देता. मग डोळे मिटले. नजर कमी म्हणत होते ते खरंच असावं, कारण पुढचं सगळं त्यांनी डोळे मिटूनच केलं. झाकणाला कान लावला आणि नखानं कडेकडेनं वाजवत गेले. टण, टण, टण, आणि मग एका जागी टप्. तिथे त्यांनी बोट ठेवून धरलं. याडी समोरच बसली होती, तिनं काही न सांगता पूजेच्या ताटातली हळद घेऊन त्या जागी टिकली लावली. पुन्हा टण, टण, टप्. दुसरी टिकली. अशा चार. आत चार जागी पकड आहे, म्हणाले, आणि चारही एकदम रागावलेल्या आहेत, पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून.

मग चामडं दुमडून सागाच्या पट्टीवर चढवलं आणि पहिल्या टिकलीपाशी कडेत घातलं. मला वाटलं आता दाबतील, उचकटतील. ते नुसते टेकून बसले. तळव्याचा भार दिला आणि थांबले. मग दुसऱ्या टिकलीपाशी तेवढंच. मग तिसऱ्या. चारही झाल्या की पुन्हा पहिली. झाकण हललं की नाही हेही कळत नव्हतं. एका फेरीत केसभर सरकलं असेल. मी न राहवून म्हटलं, थोडा जोर लावा ना. त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "जोर नाही लावाचा, भाऊ. त्याले सोताच निंगावंसं वाटलं पाह्यजे." अंगणात चाळीस-पन्नास माणूस जमलं होतं. पहारवाले पहारी खाली ठेवून बसले होते. सातव्या की आठव्या फेरीला झाकणानं एक लहानसा आवाज केला, झोपेतल्या माणसानं कूस बदलताना करावा तसा, आणि ते त्यांच्या मांडीवरच्या रुमालात येऊन बसलं. पडलं नाही, बसलं.

घुगरी होती. माझी डिंकाची काडीही होती. पण भाऊ, आम्ही पाहत राहिलो ते चाकाकडे. झाकणाखाली पन्नास वर्षं ऊन गेलं नव्हतं, धूळ थोडी गेली होती, ती अन्सारभाईंनी फुंकली, आणि खाली जो निळा रंग निघाला तो मी याआधी फक्त मोराच्या गळ्यावर पाहिला आहे. आम्ही दोन वर्षं ज्या रंगाला जपत होतो तो उडालेला रंग होता. खरा हा. मला एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही. याडीनं घुगरी हातात घेतली आणि तीही रंगाकडेच बघत बसली. अन्सारभाईंनी तेव्हा कुठे डोळे उघडले, चाकाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, बाहेरच्या रंगाला काही झालं का, नीट पाहून सांगा. पन्नास माणसांनी पाहिलं. काही झालं नव्हतं. झाकण त्यांनी त्याच चामड्यावरून तळव्यानं ठोकून परत बसवलं. पैसे घ्यायचं काही नाव काढीनात. एवढंच म्हणाले, शुक्रवारी नमाज झाली की एकदा येऊन उन्हात पाहीन, मग माझं काम संपलं.

मंगळवारी बापू आले. काळा चष्मा उतरवून त्यांनी याडीकडे पाहिलं. तिनं मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, दोन्ही घुगऱ्या वाजल्या, आणि मग तिचा बांध फुटला. बापू म्हणाले, "डोये माहे केले, अन् पानी तुह्या डोयात काहून?" आम्ही सगळे हसलो, आणि मी बाहेर जाऊन गाडीशेजारी थोडा वेळ उभा राहिलो.

तर असं आहे. अन्सारभाईंसारखी माणसं आपल्या तालुक्यात आहेत याचा मला अभिमान वाटतो. गाडीला काहीही झालेलं नाही. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक,
फुलचंद

ता. क. (शनिवार) : हे पत्र गुरुवारीच थैलीत टाकलं होतं, ते परत काढलं. टपाल खात्याच्या नियमात हे बसत नाही, पण पाठवणाराही मी आणि पोस्टमास्तरही मी, तेव्हा तक्रार कोण कुणाकडे करणार. गाडीला काहीही झालेलं नाही, हे वाक्य वर तीनदा आलं आहे. ते मंगळवारपर्यंत खरं होतं. पत्र मी गुरुवारी लिहिलं. मधल्या बुधवारी सुखी निंदायला गेली होती, याडी आणि बापू शेजारी, आणि मला तो आतला निळा रंग एकदाच, फक्त एकदाच, पुन्हा पाहायचा होता. सगळी रीत मी डोळ्यांनी पाहिली होती. हळदीच्या टिकल्याही अजून पुसट दिसत होत्या. सागाची पट्टी नव्हती म्हणून सुखीचं उलथणं घेतलं, चामडं नव्हतं म्हणून फडकं गुंडाळलं, आणि धुण्याबिण्याचा खटाटोप मला जास्तीचा वाटला. झाकण निघालं नाही. फडकं सरकलं. बाहेरच्या रंगावर एक ओरखडा आहे. शितापेक्षा थोडा मोठा आहे. करंगळीएवढा आहे.

ता. क. दुसरा (त्याच दिवशी) : वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, पण मुख्य गोष्ट राहिली. काल, शुक्रवारी, अन्सारभाई कबूल केल्याप्रमाणे आले. उन्हात चाकापाशी बसले, कडेवरून बोट फिरवलं आणि त्या जागी बोट थांबलं. दोनतीनदा फिरवलं. मग एवढंच म्हणाले, "हात गेला माहा." आणि चहा न घेता निघाले. मी तिथेच उभा होतो, भाऊ. तोंड उघडून दोन शब्द बोलणं पुरे होतं. पण सुखी शेजारी होती, तिच्याकडून ते संध्याकाळच्या आत तुमच्यापर्यंत गेलं असतं, आणि मी तुम्हाला घाबरलो. आज थैलीमागे दिग्रसला गेलो तर त्यांची टपरी बंद. शेजारी म्हणाले, अन्सारभाई म्हणतात, आता पंपही नको. मला जेवण गेलं नाही.

ता. क. तिसरा (सोमवार) : आज सकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं. उंबऱ्यातच सांगितलं, आत बसलो असतो तर पुन्हा धीर गेला असता. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी विचारलं, काय लावलं होतं? मी म्हटलं, उलथणं. ते म्हणाले, "धुतलं होतं?" मला वाटलं उलथण्याबद्दल विचारतात, म्हणून हो म्हटलं. त्यांना चाक म्हणायचं होतं. चाक नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा तुमची शाळातपासणी परवडली. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे करून उलटसुलट करून पाहिले, आणि हसू लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले, आणि मीही.

तेव्हा आता खरी विनंती. ओरखड्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला, फोनवर बोलला तरी चालेल. पण उरलेल्या तीन झाकणांखालीही तोच निळा रंग आहे का, हे अन्सारभाईंना पाहायचं आहे. हात गेलेला नाही याची त्यांना स्वतःला खात्री हवी आहे, एका चाकावर ती पटत नाही म्हणतात. तर मालक म्हणून तुमच्या सहीची परवानगी उलट टपाली पाठवावी.

पुढचं उजवं आज दुपारी निघालं. आत तसाच रंग आहे. बाहेर काही झालेलं नाही, हे या वेळी बापूंनी नव्या डोळ्यानं पाहून सांगितलं आहे. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो.